डाव्या चाकाचा आवाज

१

मंगळवारी आणि शुक्रवारी मी बदलापूरहून बारवीच्या खोऱ्यात जायची. सकाळचे पेशंट आटपले की औषधांची पेटी, उकळलेल्या सुयांचा डबा आणि धुतलेली जुनी लुगडी जीपमध्ये ठेवायची. अनंता टायरांना लाथ मारून बघायचा, रेडिएटरमध्ये पाणी ओतायचा आणि म्हणायचा, "चला बाई." अनंता बदलापूर गावातलाच, आगरी घरातला. गाडीला तो गारी म्हणायचा. त्याचा आपल्यापेक्षा त्या गारीवर जास्त जीव आहे, असं त्याची बायकोच सगळ्यांना सांगत असे.

जीप आमची होती. माझे यजमान हेमचंद्र अंबरनाथच्या एका कारखान्यात इंजिनिअर होते. लढाई संपल्यावर लष्कराच्या मोटारी लिलावात निघाल्या, तेव्हा त्यांनी ती घेतली. स्टिअरिंग डाव्या हाताला, दारं नाहीत, वर ताडपत्रीचं छप्पर. पण चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळायचा, त्यामुळे भातखाचराच्या चिखलातूनसुद्धा ती म्हशीसारखी सावकाश बाहेर यायची. पावसाळ्यात त्या खोऱ्यात दुसरं काही जातच नसे. बैलगाडीही अडायची.

बावन्न सालच्या उन्हाळ्यात तिच्या पुढच्या डाव्या चाकातून आवाज येऊ लागला. आधी नुसती गुणगुण. मग त्या गुणगुणीत खरखर मिसळली. चाक जरा घरंगळल्यासारखं व्हायचं, अडखळायचं, पुन्हा घरंगळायचं. लांब कुठेतरी कुणी जात्यावर नाचणी दळतंय असं वाटायचं. पाड्यांवरच्या बायकांना तो आवाज सोयीचाच झाला. तो ऐकू आला की त्या पोरांना काखोटीला मारून वाटेवर येऊन बसायच्या.

"बेरिंग गेलंय," हेमचंद्र म्हणाले. चाक ज्यावर फिरतं ती पोलादी रुळांची कडी म्हणजे बेरिंग. त्यातले रूळ झिजले की चाक डुगडुगतं, तापतं आणि एखाद्या दिवशी जागच्या जागी आवळून बसतं. उतारावर बसलं तर गाडी उलटलीच समजायची.

बेरिंगं तेव्हा परदेशातूनच यायची आणि बाहेरचा माल येणं अवघड झालं होतं. हेमचंद्र कित्येक रविवार मुंबईच्या मोटार-सामानाच्या बाजारात हिंडले. एकाकडे मिळालं ते मापात बसेना, दुसऱ्याकडचं आमच्यापेक्षा झिजलेलं.

"पावसाच्या आत मिलालं नाय तर गारी उभी करायची, बाई," अनंता म्हणाला. "भर उतारावर चाक धरलं तर तुमी नि मी, दोगं बी नदीत."

हे सांगताना त्याचा चेहरा उतरला होता. त्याची धाकटी बहीण जनी खोऱ्यातल्या सोनटेकपाड्याला दिली होती. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. आता तिसऱ्यांदा दिवस राहिले होते आणि तारीख ऐन भाद्रपदातली होती.

२

उल्हासनगरच्या पाच नंबर कॅम्पात खियलदास नावाचे सिंधी गृहस्थ जुन्या लष्करी मोटारींचं सामान विकत. फाळणीत कराचीकडचं घरदार सोडून आलेले. एका बरॅकीच्या अर्ध्या भागात त्यांचं कुटुंब राहायचं, उरलेल्या भागात दुकान. आदल्या थंडीत त्यांच्या आईच्या छातीत कफ साठला होता, तेव्हा मी तिला तपासायला जात असे. त्यामुळे ओळख होती.

आम्ही गेलो तेव्हा त्यांनी आधी पापड आणि पाणी आणून ठेवलं. बेरिंगची गोष्ट त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतली. मग म्हणाले, "बहन, एक है. पर वो दुकान का माल नहीं."

बरॅकीमागे पत्र्याची बंद शेड होती. तिच्यात एक जीप उभी होती, आमच्याच जातीची. बॉनेट नाही, आत इंजिन नाही, सीट नाहीत. स्टिअरिंगचं चाकही कुणी काढून नेलेलं, नुसता दांडा उभा. पण खालची चारही चाकं जागच्या जागी होती आणि टायरांत हवा होती. समोरून पाहिलं की इंजिनाच्या रिकाम्या पोकळीतून पलीकडची भिंत दिसायची.

"ही कुठून आली?" हेमचंद्रांनी विचारलं.

"हमसे पहले से खडी है, साहब. हम आये तब भी यहीं थी. लोक आले, इंजिन घेऊन गेले, गियरबॉक्स घेऊन गेले. चाकाला मी कुणाला हात लावू दिला नाही."

"का?"

खियलदासांनी खांदे उडवले. "आपको देता हूं. माँ के लिए. पण एक गोष्ट. जो निकालोगे, उसकी जगह अपना पुराना डाल देना. खाली मत छोडना."

"झिजलेलं बेरिंग? ते कशाला? ही कुठे चालणार आहे?" हेमचंद्र हसले.

"जिसका सब चला गया हो ना साहब, उसको खाली नहीं छोडते," खियलदास म्हणाले. ते हसले नाहीत.

रविवारी हेमचंद्र आणि अनंता सकाळीच कामाला लागले. दोन्ही जीप शेडमध्ये शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि डावी चाकं जॅकवर घेतली. मी खियलदासांच्या आईला तपासून बाहेर आले, तेव्हा त्या मेलेल्या जीपचं चाक उतरलं होतं आणि दोघेही त्याच्यासमोर उकिडवे बसून राहिले होते. हातांत पाने तसेच.

"काय झालं?"

"काही नाही," हेमचंद्र म्हणाले. "ग्रीस बघ."

त्यांनी बोट पुढे केलं. गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की आतलं ग्रीस मेणासारखं घट्ट होतं, काळं पडतं, एवढं त्यांच्या संगतीत मलाही कळायला लागलं होतं. बोटावरचं ग्रीस मऊ होतं, मधाच्या रंगाचं. काल भरल्यासारखं.

"हवा आत गेली नसेल," ते म्हणाले. "सील उत्तम असलं की राहतं असं."

अनंताने बेरिंग रॉकेलमध्ये धुतलं, उन्हात धरलं. रूळ आरशासारखे होते. आमच्या गाडीत ते असं बसलं की हेमचंद्रांना हातोडीचा एक ठोकाही जास्त द्यावा लागला नाही. मग आमचं झिजलेलं बेरिंग त्यांनी त्या जीपमध्ये घातलं. ते नुसतं ढकलून देणार होते. पण अनंताने त्यांच्या हातून ते घेतलं, तळव्यावर ग्रीस घेऊन रुळांच्या फटींत नीट दाबून भरलं, मगच बसवलं.

"अरे, ही चालायची नाहीये," हेमचंद्र म्हणाले.

"आसंल साहेब," अनंता म्हणाला. "पन दिलंय तं नीट देऊ."

३

जीप अशी गप्प झाली की पहिले काही दिवस मला चुकल्याचुकल्यासारखं वाटायचं. उतारावर अनंता मुद्दाम इंजिन मंद करायचा आणि चाकाकडे कान देऊन स्वतःशीच हसायचा. सोनटेकपाड्याला जनीची सासू मोतीबाई म्हणाली, "आज तुमची गारी मुकी झाली का ओ? दारात येईपत्तर कललंच नाय." जनीचं पोट चांगलं वाढलं होतं, बाळाचे ठोके स्वच्छ ऐकू येत होते. त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी देवापुढे दिवा लावून खियलदासांची आठवण काढली. एवढी हलकी मी कित्येक महिन्यांत झाले नव्हते.

मग आषाढात कधीतरी परत येताना मला तो ऐकू आला.

आमच्या मागे, बराच लांब. गुणगुण, खरखर, अडखळणं, पुन्हा गुणगुण. मी मागे वळून पाहिलं. ओला रस्ता, सागाची झाडं. दुसरं काही नव्हतं. मी अनंताकडे पाहिलं. तो समोर बघत होता, पण त्याने इंजिन मंद केलं होतं. मग त्याने जीप थांबवली आणि इंजिन बंद केलं.

आवाज अजून येत होता. थोडा जवळ आला आणि थांबला. एखादी गाडी आपल्यामागे सभ्यपणे अंतर ठेवून थांबावी तसा.

"चल," मी म्हटलं.

त्याने जीप सुरू केली. बदलापूरच्या वेशीपाशी त्याने ती पुन्हा हळू केली. मग म्हणाला, "बाई, यो आवाज आपलाच हाय."

रात्री जेवताना मी हेमचंद्रांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. डोंगरात आवाज घुमतो, ते म्हणाले. शिवाय कान महिनोन्‌महिने एक आवाज ऐकत असला की तो थांबल्यावरही ऐकत राहतो. हे खरंच आहे. रात्रभराच्या बाळंतपणानंतर मलाही रिकाम्या खोलीत कण्हणं ऐकू आलेलं आहे. मी स्वतःला तेच समजावलं.

पण पुढच्या शुक्रवारी पाड्यावर पोचलो तर बायका आधीच वाटेवर बसलेल्या. एकीच्या पोराच्या पायात काटा मोडून पू झाला होता. तिने कडुनिंबाचं पाणी उकळून गार करूनसुद्धा ठेवलं होतं.

"कसं कळलं आम्ही येतोय ते?" मी विचारलं.

"आवाज आला ना," मोतीबाई म्हणाली. "मगाशीच. गारी पार वरपत्तर गेली नि गप झाली. आमी म्हनलं, बाई वरच्या पाड्यावर गेल्या, येतील आता."

आम्ही खालूनच आलो होतो. वर जायला दुसरा रस्ता नाही.

त्यानंतर नेहमी तसंच झालं. आम्ही पोचण्याआधी आवाज पोचायचा. पेशंट तयार असायचे, पाणी उकळलेलं असायचं, आजारी म्हाताऱ्यांना घराबाहेर आणून बसवलेलं असायचं. माझं काम निम्म्या वेळात होऊ लागलं. त्या पावसाळ्यात तापाने त्या खोऱ्यात कुणी दगावलं नाही. बायका खूश होत्या. मी मात्र पाड्याजवळ आल्यावर प्रत्येक वळणाआधी पुढे वाकून बघायची. वळणावर काहीतरी आपल्याआधी येऊन गेलेलं आहे, हे मनातून जायचं नाही.

४

श्रावण संपता संपता खियलदासांच्या आईला इंजेक्शन द्यायला मी पाच नंबर कॅम्पात गेले. दुपार होती. म्हातारी झोपली होती, म्हणून मी मागच्या शेडकडे गेले. का गेले ते विचारू नका. जायचं नाही असं ठरवूनच बरॅकीत शिरले होते.

जीप तिथेच उभी होती. शेडच्या जमिनीला सिमेंटचा कोबा होता, कोरडा ठणठणीत. वरचा पत्रा कुठे गळत नव्हता. आणि जीपच्या चाकांना चिखल होता. तांबडा, खोऱ्यातला. आमच्या गाडीला पाड्यावरून येताना लागतो तोच. टायरच्या खाचांत तो ओला होता आणि एका खाचेत भाताच्या रोपाचं हिरवं पातं अडकलं होतं.

मी उजव्या चाकावर हात ठेवला. गार लोखंड. मग डाव्या बाजूला गेले आणि चाकाच्या मधोमध जो लोखंडी डबा असतो, ज्याच्या आत आमचं बेरिंग होतं, त्याला हात लावला.

तो गरम होता. उन्हाने लोखंड वरवर तापतं. हे आतून तापलेलं होतं, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारखं. आणि हाताखाली फार बारीक थरथर होती. ती हळूहळू कमी होत गेली आणि थांबली.

"बहन."

खियलदास दारात उभे होते. हातात पाण्याचा तांब्या. मी हात मागे घेतला.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"मैं पूछता नहीं," ते म्हणाले. "जेव्हा आम्ही आलो, पहली बारिश में, माझी मुलगी हरवली होती. छोटी थी. सारा कॅम्प ढूंढा. ती इथे मिळाली, या गाडीत झोपलेली. अंगावर कुणीतरी ताडपत्री टाकलेली. कोणी टाकली? मी तेव्हा विचारलं नाही. आता कशाला विचारू?"

त्यांनी तांब्यातलं पाणी माझ्या हातावर घातलं. माझ्या तळव्याला तांबडी माती लागली होती.

घरी हेमचंद्रांना सांगितलं, तेव्हा पहिल्यांदाच त्यांनी मला सगळं दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, "पत्र्याखाली उकाडा असतो." मी म्हटलं, "उजवं चाक गार होतं." ते उठून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले.

५

भाद्रपदात तीन दिवस पाऊस थांबला नव्हता. बुधवार होता. खोऱ्यात जायचा वार नव्हे. मी दवाखान्यात बसले होते आणि अनंता बाहेर जीपच्या ताडपत्रीला टाके घालत होता. दुपारच्या आधीची वेळ. दवाखान्यात गर्दी होती.

आवाज रस्त्यावरून गेला.

आतापर्यंत तो बदलापुरात कधी आला नव्हता. दवाखान्याच्या अगदी समोरून गेला, फळीवरची काचेची बरणी त्याने थरथरली. रांगेतल्या एका बाईने मान वळवून पाहिलं आणि पुन्हा आपल्या पोराचं नाक पुसायला लागली. रस्ता रिकामा होता. आवाज खोऱ्याच्या दिशेने गेला. कधी नव्हे तो घाईने.

अनंता दारात आला. सुई अजून त्याच्या हातात होती. "बाई, ती गेली," तो म्हणाला. "आपन पन जाऊ."

माझ्या डॉक्टरी आयुष्यात निरोप नसताना, एका आवाजावरून, पेशंटांची रांग सोडून मी उठले ती तेवढीच.

सोनटेकपाड्याच्या वेशीवर मोतीबाई डोक्यावर इरलं घेऊन उभी. आम्हाला बघून तिने तोंडावर हात मारला. "निरोप कुनी दिला ओ? मानूस आत्ता तं निंगाला!"

जनीच्या कळा पहाटेपासून चालू होत्या. मी तपासलं. बाळ पायाळू होतं, पाय खाली. पायाळू बाळाचं डोकं शेवटी अडकलं तर हाताशी काही मिनिटंच असतात. अंधाऱ्या झोपडीत, ओल्या जमिनीवर ते करायची माझी तयारी नव्हती. तिला कल्याणच्या इस्पितळात न्यायचं ठरवलं. जीपच्या मागच्या भागात फळी टाकली, तिच्यावर गोधड्या. मोतीबाई जनीचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

उतरणीला ढग इतके खाली आले होते की बॉनेटच्या पुढचं दिसत नव्हतं. खाली नदीवर फरशी होती, म्हणजे पाण्याच्या जेमतेम वर असलेला बिनकठड्याचा पूल. पाड्यावर जाताना पाणी तिच्या हातभर खाली होतं. फरशीच्या अलीकडे एक वळण लागतं आणि वळण घेतलं की गाडी सरळ फरशीवरच उतरते.

वळणापाशी पोचलो आणि समोरून आवाज आला.

या वेळी समोरून. अगदी स्वच्छ. आमच्या दिशेने कुणीतरी गाडी घेऊन चढण चढतंय. रस्ता एकाच गाडीपुरता. अनंताने सवयीने स्टिअरिंग वळवलं, जीप डोंगराच्या कडेला घेतली आणि थांबवली. समोरच्याला वाट द्यायला.

कुणी आलं नाही. आवाज मात्र तिथेच राहिला. जवळ येईना, लांब जाईना.

अनंता माझ्याकडे बघेना. तो उतरला आणि वळणावरून पुढे चालत गेला. ढगात दिसेनासा झाला. मग धावत आला. भिजलेल्या चेहऱ्यावर डोळे केवढे झाले होते.

"फरशी नाय, बाई," तो म्हणाला. "मधून तुटून गेलीय. नुसतं पानी. आपन वलन घेतलं असतं तं..." त्याने जीपच्या आत आपल्या बहिणीकडे पाहिलं.

"आणि आवाज?"

"आवाज पल्याडचा हाय."

मला भ्यायला वेळ मिळाला नाही. जनी ओरडली. मी पाहिलं तर बाळाचे पाय बाहेर आले होते.

तिथेच, त्या वळणावर, मी तिला फळीच्या कडेला ओढून घेतलं. मोतीबाईने मागून तिला आधार दिला. अनंता पाठ करून उभा राहिला आणि ताडपत्री दोन्ही हातांनी आमच्यावर धरून ठेवली. नदी खाली गरजत होती, इतकी की मला माझं बोलणं ऐकू येत नव्हतं. पण तो आवाज ऐकू येत होता. गुणगुण, खरखर, अडखळून पुन्हा गुणगुण. एका लयीत. मध्येच जनीने डोळे उघडले. "आय दलतंय," ती म्हणाली. तिची आई तिच्या लहानपणीच गेलेली. "दलू दे तिला." आणि तिचं अंग सैल पडलं. तिने श्वास घेतला. मला तेवढंच हवं होतं.

डोकं अडकलं. मी बोटं आत घातली, बाळाची हनुवटी शोधली, ती छातीकडे वाकवली. तेवढा वेळ दुसरं काही जगात नव्हतं. माझे हात कापायला हवे होते, पण कापले नाहीत. आजही मला वाटतं, कुणीतरी जवळपास काम करत असलं की आपले हात जसे आपोआप कामाला लागतात, तसे ते चालले.

मुलगी होती. निळी पडलेली. मी तिला उलटी धरून चोळली, तोंडातला चिकटा काढला, फुंकर घातली. ती रडली. अनंता ताडपत्री न सोडता, पाठ न वळवता रडायला लागला. मोतीबाई कुणाकुणाची नावं घेऊन हात जोडत होती.

नाळ बांधून मी सरळ झाले, पाठ दुखत होती म्हणून दोन पावलं पुढे वळणावर गेले. त्याच वेळी वारा आला आणि ढग क्षणभर फाटला.

पलीकडच्या काठावर, तुटलेल्या फरशीच्या अगदी तोंडाशी, ती आमच्याकडे तोंड करून उभी होती. बॉनेट नाही. इंजिनाच्या पोकळीतून पाऊस सरळ आरपार पडताना दिसत होता. गाडी जागची हलत नव्हती, पण डावं चाक सावकाश फिरत होतं. स्टिअरिंगच्या नुसत्या दांड्यामागे—

ढग मिटला. दांड्यामागे काय पाहिलं ते मी हेमचंद्रांनाही सांगितलेलं नाही, कारण मला खात्री नाही. एवढंच सांगते. मी हात वर केला. निरोप घेताना करतो तसा. आणि मग आवाज थांबला.

६

जनी आणि तिची मुलगी दोघी सुखरूप राहिल्या. नदी उतरेपर्यंत आम्ही पाड्यावरच राहिलो. पाण्यापलीकडे तिसऱ्या दिवशी एक माणूस हाका मारताना दिसला. हेमचंद्र होते. चिखलाने गुडघ्यापर्यंत माखलेले. मी दिसल्यावर ते तिथेच काठावर मटकन खाली बसले.

त्यांना मी सगळं सांगितलं. त्या वेळी त्यांनी डोंगराचं, कानांचं, पत्र्याचं काहीच काढलं नाही. फक्त म्हणाले, "मी उभा होतो ना, त्या काठावर दोन गाड्यांच्या चाकोऱ्या होत्या. फरशीपर्यंत आलेल्या." थोड्या वेळाने म्हणाले, "परत गेलेल्या नव्हत्या."

त्यानंतर आवाज आम्ही पुन्हा ऐकला नाही. पाड्यावरच्या बायका काही दिवस विचारत राहिल्या.

पंचावन्न साली पाच नंबर कॅम्पातल्या बरॅकी पाडून पक्की घरं बांधायला सुरुवात झाली. खियलदासांनी दुकान मोठ्या रस्त्यावर हलवलं. शेड पाडायची होती. जीप भंगारात जाणार होती. हे कळलं त्या दिवशी मी हेमचंद्रांकडे नुसतं पाहिलं.

"आणू या," ते म्हणाले.

हिवाळ्यातली उजळ सकाळ होती. अनंताने काथ्याचा जाड दोर आमच्या जीपच्या मागे बांधला आणि दुसरं टोक तिला. तिच्या स्टिअरिंगच्या दांड्याला हेमचंद्रांनी पाईपचा मोठा पाना आवळला, आत एक खोकं ठेवलं आणि त्यावर बसले. खियलदास बरॅकीसमोर उभे होते, शेजारी त्यांची मुलगी, आता चांगली उंच झालेली. त्यांनी जीपच्या कडेवर हात ठेवला, सिंधीत तिला काहीतरी सांगितलं आणि बाजूला झाले.

अंबरनाथपर्यंत सरळ रस्ता. लोक वळून वळून बघत होते. आमचं इंजिन दमून धापा टाकत होतं, दोर ताणून करकरत होता. अंबरनाथ मागे पडलं आणि चढ लागला. मी म्हटलं, आता काही आपली जीप हिला ओढत नाही.

पण आमचं इंजिन हलकं झालं. अनंताने ऐकलं आणि माझ्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "बाई, मांगं बगा."

मी वळून पाहिलं. दोर सैल पडला होता. चढावर, दोन गाड्यांच्या मध्ये, तो रस्त्याला टेकून धुळीतून घसटत येत होता. ती आमच्यामागे, तेवढंच अंतर ठेवून, आपली आपण चढ चढत होती. चाकातून कसलाही आवाज नव्हता.

हेमचंद्र खोक्यावर ताठ बसले होते. पान्यावरचे हात त्यांनी काढून घेतले होते आणि मांडीवर जोडून ठेवले होते. तोंडावर ऊन आलं होतं. ते माझ्याकडे बघून हसायचा प्रयत्न करत होते.

"थांबू का?" अनंताने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "सावकाश चल. तिला आपलं घर माहीत नाही."